पळीभर घरचे पाणी

एडन, ५ सप्टेंबर १८९३

आवडाबाई यांस गोविंदाचा नमस्कार.

पत्रे लिहिण्याची मला हौस नाही. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, बोटीतून उतरल्यापासून हट्टाला पेटली आहे म्हणून लिहायला बसलो. तुळसा म्हणते, "बायला इचारल्याबगर मी हितलं पानी पिनार नाय." तिची बाय म्हणजे तुम्ही. दोन दिवस ती नुसत्या शहाळ्यांवर आहे, आणि शहाळी इथे मुंबईहून येतात.

इथे नदी नाही, ओढा नाही, पाऊस कोणी पाहिलेला नाही. ज्या मीठ-कंपनीत मी कामाला आलो तिने मिठागराच्या आवारात मोठा बंब बसवला आहे. त्यात समुद्राचे पाणी उकळते, वाफ नळ्यांतून निवते, आणि जे पाणी ठिबकते ते टाकीतून आमच्या चाळीच्या दारातल्या नळाला येते. उंटावरच्या पखालींतूनही पाणी विकायला येते. ते कुठल्याशा विहिरीचे असते, गोड लागते. नळाच्या पाण्याला चव म्हणून नाही. आम्ही आगरी माणसे. खाऱ्या पाण्यातून मीठ धरतो आणि पाणी उडून जाऊ देतो. उडून गेलेले पाणी परत पकडून प्यायचे, हे आमच्यात आजवर कोणी केलेले नाही.

तुम्ही मुंबईला नर्सचे काम शिकलात आणि ठाण्याच्या दवाखान्यात नोकरी करता, म्हणून विचारतो. एरवी विचारले नसते. दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत तुम्ही आमच्या डोंबिवलीच्या गावदेवीच्या विहिरीत लाल औषध ओतलेत. पाणी रक्तासारखे झाले. माझ्या आईने देवीसमोर नाक घासले. ते मी विसरलेलो नाही, आई तर विसरणारच नाही.

परमुलखातले हे नळाचे पाणी प्यावे की नाही, एवढे एका ओळीत कळवा. उपदेश नको.

गोविंदा

—

ठाणे, १६ सप्टेंबर १८९३

गोविंदराव यांस,

एका ओळीत उत्तर: नळाचे पाणी प्यावे.

खाली लिहिते तो उपदेश नव्हे, कारणे आहेत. तुम्हाला नको असतील तर तुळसाला वाचून दाखवा.

पाण्यातून रोग येतो तो पाण्यात असलेल्या सूक्ष्म जिवांमुळे. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मी ते काचेखाली पाहिले आहेत. पाणी खळखळून उकळले की ते मरतात. तुमच्या बंबात पाणी नुसते उकळत नाही, त्याची वाफ होते, आणि वाफेबरोबर मीठ, माती, रोग यांतले काहीच वर येत नाही. त्यामुळे तुमच्या दारातला नळ ठाण्यातल्या कुठल्याही विहिरीपेक्षा निर्धोक आहे. चव नाही ही त्याची खोड समजू नका. पाण्याला चव येते ती त्यात काही मिसळलेले असते म्हणून. पखालीचे पाणी गोड लागते असे तुम्ही लिहिता. ते कोणत्या विहिरीचे, पखाल कधी धुतली, भरणाऱ्याचे हात कसे होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते घेऊ नका.

हंडा झाकून ठेवा. त्यात हात किंवा पेला बुडवू नका, लांब दांड्याची पळी वापरा.

आता लाल औषधाबद्दल. पाणी चार दिवसांत पूर्वीसारखे पांढरे झाले. त्यानंतर विहिरीवरच्या घरांत पटकीचा नवा रोगी झाला नाही. तुमच्या आईंनी त्याचे श्रेय नाक घासण्याला दिले. मी वाद घातला नाही. मला गावाबाहेर काढताना तशी सवड कोणी ठेवली नव्हती.

तुळसाने स्वतः पत्र लिहावे. मी तिला अक्षरे शिकवली आहेत.

आवडा

—

एडन, २९ सप्टेंबर १८९३

आवडाबाई यांस,

पत्र पोचले. तुमच्या हुकमाप्रमाणे नळाचे पाणी सुरू केले. पखालवाल्याला दारातून परत लावला, तो शिव्या देत गेला. तुळसा आता पाणी पिते. माझा मदतनीस नाथा आमच्याकडेच जेवतो, तोही पितो.

पण एक सांगतो. हे पाणी मेलेले आहे. तहान भागते, जीव भागत नाही. ते आपलेसे कसे करायचे ते आम्ही जाणतो आणि तसे करून घेतले आहे. त्यात तुमच्या काचेखालच्या शास्त्राची गरज पडली नाही.

तुळसा लिहीत नाही कारण तिला घरकाम आहे. तुमच्यासारखे सगळ्यांना मोकळे हात नसतात. तुमच्या वयाच्या बायका आमच्या जातीत नवरा मेल्यावर पाट लावतात आणि पुन्हा संसाराला लागतात. तुम्ही लोकांच्या बाटल्या धुता. तुमचे तुम्हाला बरे वाटत असेल. पण ज्या बाईने स्वतःची चूल मांडली नाही तिने दुसऱ्याच्या हंड्यात किती डोकवावे, याला काही हद्द असावी.

गोविंदा

—

ठाणे, ११ ऑक्टोबर १८९३

गोविंदराव यांस,

माझ्या चुलीविषयीचा मजकूर वाचला. त्याला उत्तर लागत नाही.

पाणी 'आपलेसे' करता असे लिहिलेत. त्यात गूळ, सुंठ किंवा वाळा घालत असाल तर माझी हरकत नाही. निवलेल्या वाफेच्या पाण्याला चव आणण्यासाठी जहाजावरचे लोकही असे काही घालतात. घाला.

तुळसाच्या दोन ओळी तरी पाठवा. घरकाम मलाही ठाऊक आहे. त्यात दोन ओळींची जागा असते.

आवडा

—

एडन, ३० ऑक्टोबर १८९३

आवडाबाई यांस,

आता तुमच्या मनासारखे झाले असेल.

तुळसा अंथरुणाला खिळली आहे. आधी डोके दुखले, मग ताप चढला, तो उतरायचे नाव घेत नाही. रोज कालच्यापेक्षा जास्त. जीभ पांढरी झाली आहे, पोट फुगले आहे. परवापासून ती मला ओळखत नाही, तुम्हाला हाका मारते. नाथालाही तसाच ताप आहे. कंपनीच्या डॉक्टरने पाहिले आणि सांगितले, हा मुदतीचा ताप, आणि हा पाण्यातून येतो.

पाण्यातून! मी त्याला विचारले, कुठल्या पाण्यातून? तो म्हणाला, तुम्ही जे पीत असाल त्यातून. आम्ही काय पितो? तुमचा नळ. पखालवाल्याचे गोड पाणी तुम्ही बंद करायला लावलेत. त्याचे पाणी पिणारे अरब माझ्या डोळ्यांसमोर उंटासारखे धडधाकट फिरत आहेत.

तुम्ही ठाण्यात बसून एका ओळीत लिहिलेत, 'प्यावे.' माझ्या बायकोने ते ऐकले, कारण तिच्या लेखी तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. तिला काही झाले तर मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही. बोटीत बसून येईन आणि तुमच्या दवाखान्याच्या दारात उभा राहून चार लोकांत सांगेन, या बाईने बहिणीला पाणी पाजून मारले.

गोविंदा

—

ठाणे, ८ नोव्हेंबर १८९३

गोविंदराव यांस,

आधी काय करायचे ते. रागाचे नंतर बघू.

तुळसाला दाणा म्हणून पोटात जाता कामा नये. गाळलेली पेज, उकळलेले दूध अर्ध्यास अर्ध पाणी घालून, थोडे थोडे आणि वारंवार. तिला भूक लागली, ती रडली, तरी भात देऊ नका. या तापात आतडे आतून नाजूक होते, फाटते. ताप उतरल्यावरही दहा दिवस हाच नेम पाळा. याच ठिकाणी घरचे लोक प्रेमाने रोगी मारतात. ताप फार चढला तर गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसा. तिच्या मळावर कळीचा चुना टाकून तो दूर पुरा. तिचे कपडे उकळत्या पाण्यात टाका. तिला हात लावल्यावर तुम्ही साबणाने हात धुवा, दर वेळी. नाथालाही हेच.

आता प्रश्न. यांची उत्तरे मला नीट हवी आहेत. तुमच्या चाळीत मिठागराचे किती मजूर त्याच नळाचे पाणी पितात? त्यांच्यात कोणाला ताप आहे का? नसेल, तर तुमच्या घरात असे काय पोटात जाते जे त्यांच्या घरात जात नाही? दूध कोणाकडून येते? हंड्यात नळाच्या पाण्याशिवाय काय पडते?

माझा शब्द चुकला असेल तर तो चुकला असे मीच लिहीन. तुम्हाला बोटीत बसून येण्याची गरज पडणार नाही. पण आधी मला उत्तरे द्या.

आवडा

—

एडन, १७ नोव्हेंबर १८९३

आवडाबाई यांस,

तुमचे कपडे उकळणे, चुना टाकणे, सगळे करतो आहे. तुळसा जिवंत आहे. जास्त विचारू नका.

उत्तरे हवीत तर घ्या. चाळीत चाळीसेक माणसे त्या नळावर आहेत. कोणालाही ताप नाही. म्हणजे नळ चांगला, आणि आम्ही वाईट, असेच तुम्ही म्हणणार. दूध आम्ही घेत नव्हतो. तुम्ही लिहिल्यावर घेऊ लागलो.

हंड्यात काय पडते? आमच्या हंड्यात वाईट काही पडू शकत नाही, उलट आमचाच हंडा साऱ्या चाळीत शुद्ध आहे. आम्ही आगरात नवा वाफा तयार केला की पाणी सोडण्याआधी त्यात जुन्या वाफ्यातले मूठभर मीठ टाकतो. मग नवा वाफा जुन्याच्या नात्यातला होतो, मीठ धरतो. तसेच हे. माझी आई दर महिन्याला आमच्या गावच्या खलाशाबरोबर गावदेवीच्या विहिरीच्या पाण्याची कळशी पाठवते, तोंड कथिलाने झाळून बंद केलेली. आम्ही रोज नळाचे पाणी हंड्यात भरतो आणि त्यात या पाण्याची एक पळी सोडतो. एकच. मग ते परके पाणी उरत नाही, घरचे होते. तुळसा आजारी पडल्यापासून मी तिच्या हंड्यात दोन पळ्या घालतो.

तुमच्या नळाच्या विषावर आईचा हा उतारा नसता, तर तुळसा एव्हाना गेली असती. हे लिहून ठेवा.

गोविंदा

—

ठाण्याहून एडनला तार, २६ नोव्हेंबर १८९३

घरचे पाणी तुळसाला देऊ नका. थेंबही नको. फक्त नळाचे द्या. पत्र येत आहे. आवडा

—

ठाणे, २७ नोव्हेंबर १८९३

गोविंदराव यांस,

तार मिळाली असेल. आता तिचे कारण लिहिते.

तुमचे पत्र हातात पडल्यावर तार केली आणि रजा घेऊन डोंबिवलीला गेले. गावाने मला बंदी केली आहे हे लक्षात होते. विहीर पाहिली. पावसात तिच्या वरच्या अंगाच्या काठाला खिंड पडली आहे, आणि ती कोणी बुजवलेली नाही. श्रावणापासून विहिरीवरच्या तीन घरांत मुदतीचा ताप आहे. त्या रोग्यांची अंथरुणे काठावरच धुतात. धुतलेले पाणी खिंडीतून परत विहिरीत उतरते. हे मी उभी राहून पाहिले.

मी बाटलीत नमुना घ्यायला दोर सोडला, तेव्हा तुमच्या मातोश्री ठमाबाई आल्या. त्यांचे बोलणे जसेच्या तसे देते, म्हणजे मी मीठमसाला लावला असे होणार नाही.

"कनाला आयलीस गो? पुन्ना आमचे बावीन रगत वताला?"

मी म्हटले, "तुळसाला मुदतीचा ताप आहे. एडनला इथले पाणी पाठवू नका."

"माजे पोराला माजे देवीचं पानी नको, न तुजे बंबाचं पानी होवं?"

"या विहिरीवर तीन घरांत तोच ताप आहे."

"तो तुजे पायगुनानं आयला. कपाल पांढरं घेऊन फिरतंस, बाटल्या धुतंस, न देवीला शिकवाला येतंस?"

त्यांनी माझ्या हातातला दोर ओढून घेतला. नमुना मिळाला नाही. पण तो नसला तरी मला शंका उरलेली नाही.

तुम्ही वाफ्यात जुने मीठ टाकता. मी दुसरे उदाहरण देते. घरात दह्याला विरजण लावतात. शेरभर दूध कितीही ताजे, कितीही नीट तापवलेले असो, त्यात बोटभर विरजण पडले की सकाळपर्यंत सगळे दही. विरजण किती होते हे कोणी विचारत नाही. तुमच्या नळाचे पाणी जगातल्या कोणत्याही पाण्याइतके स्वच्छ होते. त्याला तुम्ही रोज पळीभर विरजण लावलेत. आणि ताप चढल्यावर दोन पळ्या.

'आपलेसे करतो' असे तुम्ही सप्टेंबरातच लिहिले होते. मी ते गूळ-सुंठीवर नेले आणि घाला म्हणून लिहिले. तिथे मी विचारायला हवे होते, विचारले नाही.

कळशीत उरलेले पाणी घरापासून लांब ओतून द्या. कळशी उकळत्या पाण्याने आतून धुवा, हंडाही. पळी टाकून द्या.

आवडा

—

एडन, ७ डिसेंबर १८९३

आवडाबाई यांस,

तार मिळाली, पत्रही मिळाले. तुळसाला त्या दिवसापासून घरचे पाणी दिले नाही. तिचा ताप उतरला आहे, ती उठून बसते. नाथाही बरा होत आहे. ताप आपली मुदत संपवून गेला असे इथला डॉक्टर म्हणतो. तुम्ही म्हणाल की तुमच्या तारेने गेला.

ओतून द्या, असे तुम्ही लिहिता. तारेत ते नव्हते. असते तरी मी ओतले नसते. गावदेवीचे पाणी परमुलखाच्या वाळूत ओतायचे? ते जमिनीवर सांडत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. ते पिऊनच संपवायचे असते. हे तुमच्या आईनेही तुम्हाला शिकवले असेल, तुम्ही विसरलात.

म्हणून ती कळशी मी एकट्याने संपवली. रोज सकाळी उभा राहून पेलाभर प्यालो. देवीला सांगितले, पाणी वाईट असेल तर मला बाधू दे, आवडाबाई खरी असेल तर ती मला कळू दे. कळशी रिकामी होऊन आठवडा झाला. मी रोज वाफ्यांवर उन्हात उभा असतो, दोन वेळ जेवतो. माझे डोकेसुद्धा दुखलेले नाही.

आता बोला.

गोविंदा

—

ठाणे, १५ डिसेंबर १८९३

गोविंदराव यांस,

आठवडा पुरत नाही.

हा ताप पोटात गेल्यापासून दिसायला दोन आठवडे लागतात, कधी तीन. तुळसाच्या अंगात तो किती दिवस लपून होता, हे तुमच्याच पत्रांवरून मोजता येते. तुम्ही हे पत्र वाचाल तोवर निकाल लागलेला असेल. तो माझ्या बाजूने लागू नये, अशी इच्छा मी करते. ही मी आजवर तुमच्याकडे व्यक्त केलेली पहिली इच्छा आहे.

डोके दुखू लागले तर त्याच दिवसापासून पडून राहा. उन्हात उभे राहून देवीला अधिक पुरावा देऊ नका. तुळसाला जे लिहिले होते ते सगळे तुम्हालाही लागू आहे, विशेषतः भाताचे. आणि तुळसाची ताकद अजून आलेली नाही. तिच्याकडून एकटीकडून सेवा करून घेऊ नका, नाथाला मदतीला ठेवा.

तुम्ही माझ्यावर रागावून प्यालात असे मला वाटते. राग काढायला इतर पुष्कळ रीती होत्या.

आवडा

—

एडन, डिसंबर १६

बाय,

माजी अक्षरा वाकडी हायेत. तू शिकवलंस तेवरंच लिवतंय. मी बरी हाय. केस सगले गेले. नाथा उठला.

यांना ताप आयला. मंगलवारपासून. तोच. पयला डोकं, मंग थंडी, मंग तो चढतंय न उतरत नाय. बाय, तुजी तार आयली तवाच मी सांगितलेलं, बाय नको बोललंय, वतून द्या. बोलले, "वतून दिलं त आयला कनचं तोंड दाखवू?" रोज सकालचे उगवतीला तोंड करून पियाचे. मना वाटलं देवी राखंल.

एक लपवलेलं सांगतंय. मना तिसरा म्हयना होता. तापान गेला. तुला कलवलं नव्हतं. सासूबायनं सांगितलेलं, पाच म्हयनं कोनाला बोलू नको, तुजे बायला त नायच, तिची नजर हाय. म्हनून मी चिठीच लिवत नव्हतंय. लिवली असती त तोंडातून आलं असतं. घरकामाचं यांनी खोटं लिवलं. माजेसाठी लिवलं.

मी पेज देतंय, गालून. अंग पुसतंय. पन हे पानी पियत नाय. दातखील बसल्यासारखं तोंड मिटतान. तापान बोलतान, "आयचं पानी दे." मी नलाचं देऊन सांगतंय, हे आयचंच. तोंडात घेतान न थुकतान. बोलतान, "हे बंबाचं." तापान बी वलखतान गो. डॉक्टर बोलतंय पानी गेला नाय त मानूस जाईल.

काय करू ते लवकर लिव.

तुळसा

—

ठाणे, २५ डिसेंबर १८९३

तुळसा,

तू जे लपवले होते ते वाचले.

या पत्राबरोबर एक झाळलेली कळशी येत आहे. ती उघडून त्यातले पाणी त्यांना पाज. हे डोंबिवलीच्या विहिरीचे आहे. घाबरू नकोस, पुढचे वाच. आणि गोविंदरावांना शुद्ध असेल तेव्हा त्यांनाही वाचून दाखव.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी डोंबिवलीला निरोप धाडला, की गोविंदरावांना ताप आहे आणि ते आईच्या विहिरीचे पाणी मागतात. उत्तर येईल असे वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी ठमाबाई स्वतः दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या, डोक्यावर कळशी. आत या म्हटले तर आल्या नाहीत.

म्हणाल्या, "पोरगा मागतंय. तू असा धाडनार नाय, मना म्हाईत हाय. उकलाचं त उकल. पन धाड."

मी स्टोव्ह दारात आणला आणि त्यांच्यासमोर पाणी गाळून उकळायला ठेवले. मी बसायला पाट दिला. त्या उभ्याच राहिल्या. पाणी खळखळू लागले तेव्हा मी ते उतरवले नाही, बराच वेळ तसेच ठेवले. त्या वाफेकडे बघत होत्या.

"देवी जातं का गो वर?" असे विचारले.

मी म्हटले, "मला माहीत नाही."

"तुला म्हाईत नाय असा बी काय हाय का?" म्हणाल्या. तो टोमणा होता, पण नेहमीपेक्षा हळू आवाजातला. मग माझ्या हातून नव्हे, स्वतःच्या हाताने कळशी उकळत्या पाण्याने विसळली. हात भाजला तो मला दाखवला नाही. लोहाराकडे तोंड झाळून घेईपर्यंत कळशीला मी हात लावलेला नाही. हे गोविंदरावांना मुद्दाम सांग.

आता हे त्यांच्यासाठी. गोविंदराव, हे तुमच्या आईच्या हातचे, तुमच्या विहिरीचे पाणी आहे. त्यात देवी उरली आहे की नाही, हे मला तपासता येत नाही. ताप उरलेला नाही, एवढे मी खात्रीने सांगते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे तुम्हाला कारण नाही. आईंच्या भाजलेल्या हातावर ठेवा.

तुळसा, दर घटकेला थोडे थोडे पाज. कळशी संपली की नळ.

तुझी बाय

—

एडन, २८ जानेवारी १८९४

आवडाबाई यांस गोविंदाचा नमस्कार.

ताप उतरला. उठतो, भिंत धरून दारापर्यंत जातो. अजून पेजच आहे. तुळसा भाताचे नाव काढू देत नाही, तुमचे पत्र पुढे करते.

तुमचे उपकार मानण्यासाठी लिहीत नाही. विहिरीत ओतलेले लाल औषध मी विसरलेलो नाही, आणि तुमचे 'आठवडा पुरत नाही' हे पत्र मी तापात असताना तुळसाने वाचून दाखवले, तेही विसरणार नाही. असे कोणी आजारी माणसाला लिहिते का?

कळशी येईपर्यंत तुळसाच्या पेजेच्या निवळीवर टिकलो; ती पोचली तेव्हा मला शुद्ध नव्हती. तुळसा सांगते, तोंड उघडल्यावर तिचा वास आला तसा मी हात पुढे केला आणि थुंकलो नाही. शुद्धीवर आल्यावर उरलेले जाणून प्यालो. त्याला चव नाही. आपल्या विहिरीची म्हणून जी चव होती ती पार गेली आहे. तुमच्या नळासारखेच मिळमिळीत झाले आहे. तरी संपवले.

आईला माझा निरोप द्या. तिला वाचता येत नाही आणि गावातल्या वाचणाऱ्यांनी मजकूर बदलला तर तिला कळणार नाही. तुम्ही बदलणार नाही. सांगा, विहिरीच्या काठाची खिंड चार गडी लावून बुजवून घे, आणि अंथरुणे खाडीवर धुवायला सांग. गोविंदाने सांगितले म्हणा. तुमचे नाव पुढे करू नका, नाहीतर ती ऐकायची नाही.

तुळसा म्हणते, पुन्हा कधी दिवस राहिले तर ती पहिले पत्र तुम्हाला लिहील. मी नको म्हटलेले नाही.

पुढच्या बोटीला आणखी एक कळशी पाठवा. उकळून.

गोविंदा